नऊ नंबरच्या रुळावरचा फेरफटका

त्या यार्डातल्या वॅगनी रोज सकाळी फिरायला जात. माणसं प्रकृतीसाठी जातात, वॅगनी आकडेवारीच्या प्रकृतीसाठी जात. सहा वाजता तात्या आपलं शंटिंगचं इंजिन घेऊन येत, एका रुळावरच्या सगळ्या वॅगनी ओढत यार्डाच्या तोंडापर्यंत नेत, शेवटची वॅगन तिथल्या मोजणी खांबापलीकडे गेली की ब्रेक लावत, थर्मासातला चहा घोटभर घेत आणि ती अख्खी माळ होती तिथे परत ढकलून ठेवत. सुरुवात नेहमी नऊ नंबरच्या रुळापासून, मग दहा, मग पुढचे. साडेनऊपर्यंत चौदाही रूळ फिरून आलेले असत. माल कुठेच गेलेला नसे, डिझेल तेवढं गेलेलं असे.

ही युक्ती यार्ड मास्तरांची. त्यामागे अर्थात सरकारी धोरण होतं. एवढा शहाणपणा एकट्या माणसाच्या हातून होत नाही.

आठ महिन्यांपूर्वी मंत्रालयातून 'सतत गती धोरण' आलं. बेचाळीस पानांचं. त्यातल्या एकेचाळीस पानांत मालवाहतूक रुळांवरून रस्त्यावर का पळाली याबद्दल गळे काढले होते आणि शेवटच्या पानावर औषध सांगितलं होतं: कोणतीही वॅगन कोणत्याही यार्डात चोवीस तासांहून जास्त उभी राहता कामा नये. राहिलीच तर तिचं नाव लाल यादीत जाईल, लाल यादीतल्या वॅगनीला सुटणाऱ्या पहिल्या गाडीत जागा मिळेल, आणि ज्या यार्डाची यादी लांब, त्या यार्डाच्या मास्तरांना मुख्यालयात बोलावलं जाईल. कशाला, ते लिहिलं नव्हतं. चहाला नाही, एवढं सगळ्यांना कळलं. जादा इंजिन, जादा रूळ, जादा माणसं यांबद्दल बेचाळीस पानांत एक ओळ नव्हती. असल्या फालतू गोष्टी धोरणात बसत नाहीत.

पहिल्याच महिन्यात मास्तरांना दोनदा बोलावणं आलं. दोन्ही वेळा ते घरी आले ते मान खाली घालूनच. मग एके दिवशी रूळ बदलायचा एक सांधा अडकला, म्हणून तात्यांना एक माळ खांबापलीकडे नेऊन परत आणावी लागली. संध्याकाळी मास्तरांनी संगणकाचा पडदा पाहिला तर त्या सगळ्या वॅगनींचे उभे तास शून्य. खांब बिचारा सरळमार्गी. वॅगन समोरून गेली की तो 'हलली' अशी नोंद करी. ती परत आली की नाही हे बघायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मास्तर बराच वेळ पडद्याकडे बघत बसले, आणि दुसऱ्या दिवसापासून यार्डाला फिरायची सवय लागली.

लाल यादी कोरी झाली. मुख्यालय खूश झालं. खूश झालेलं मुख्यालय चिडलेल्या मुख्यालयापेक्षा जास्त महागात पडतं, हे मास्तरांना उशिरा कळलं. कारण तिथे कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की या यार्डात काही साठतच नाही, तर मग इथून रोज आठ गाड्या कशाला सोडायच्या? पाच गाड्या काढून घेतल्या. उरल्या तीन. येणारा माल तेवढाच राहिला. यार्ड गच्च भरलं, चारशे बारा वॅगनी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या, तात्यांना इंजिन वळवायला जागा मिळेना, आणि मुख्यालयातल्या भिंतीवरच्या तक्त्यात हे देशातलं सगळ्यात मोकळं यार्ड ठरलं. सलग दोनशे दिवस कोरी यादी ठेवल्याबद्दल मास्तरांना ढाल मिळणार होती. दोनशेवा दिवस बुधवारी होता.

त्याआधीच्या रविवारी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. यार्डापासून चाळीस किलोमीटरवर, त्याच मार्गाच्या एका फाट्यावर, तिचा काचेचा कारखाना. औषधाच्या बाटल्या करतात. दाजी गेल्यापासून ती एकटीच चालवते, साठ माणसं हाताखाली. तिथली भट्टी नऊ वर्षांपूर्वी पेटवली ती आजतागायत विझलेली नाही, कारण काचेच्या भट्टीला विझून चालत नाही. गार झाली की आतली काच थिजते, विटा तडकतात आणि मग ती भट्टी म्हणजे नुसता एक मोठा दगड. फोडून टाकायचा आणि नवी बांधायची. ताईकडे नवी बांधायची ऐपत नव्हती, हे मास्तरांना ठाऊक होतं.

ती सांगत होती की भट्टीच्या तेलाच्या तीन वॅगनी वीस दिवसांपूर्वी निघाल्या आहेत आणि पोचलेल्या नाहीत. भावाचं नाव काढून काम करून घेणं तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून इतके दिवस गप्प राहिली. शिवाय संगणकावर बघितलं तर त्या रोज हललेल्या दिसत. आज सकाळी सहा दहाला हलल्या, काल सहा बाराला हलल्या. म्हटलं येतायत हळूहळू. पण आता तेल गुरुवारी दुपारपर्यंतच पुरेल. रस्त्याने दोन टँकर मिळाले, ते दोन दिवसांत संपले, तिसरा कुणी द्यायला तयार नाही.

मास्तरांनी नंबर लिहून घेतले, उद्यापर्यंत हलवतो असा शब्द दिला आणि चपला घालून तसेच नऊ नंबरच्या रुळावर गेले. तिन्ही तिथेच होत्या, सतरा दिवसांपासून. चाकं फिरून फिरून चकचकीत झालेली. बाकीच्या जगात रूळ गंजतात, इथे रूळ आरशासारखे होते.

रोज सकाळी ते खिडकीत उभे राहून ही माळ जाताना आणि येताना बघत, आणि त्यात आपल्या बहिणीचं तेल आहे याची त्यांना गंधवार्ता नव्हती. वॅगनीवर नंबर असतो, कुणाची बहीण ते लिहिलेलं नसतं.

त्यांनी नियंत्रण कक्षाला फोन लावला. तिथल्या कारकुनाने नंबर टाकून बघितले आणि गोड आवाजात सांगितलं की या तर तीन तासच उभ्या आहेत, गाडीत जागा उभ्या तासांच्या क्रमाने मिळते, इतर यार्डांतल्या तीस-तीस तासवाल्या पुढे आहेत. मास्तर म्हणाले, त्या सतरा दिवस इथेच आहेत. कारकून हसला. म्हणाला, मास्तर, तुमच्या यार्डात सतरा दिवस? तुमचं उदाहरण तर आम्हाला प्रशिक्षणात देतात. मग मास्तरांनी तातडीच्या मागणीचा फॉर्म भरला. त्यातला पहिला रकाना होता, उभे तास. इथेच तेल टँकरमध्ये उतरवून घेऊ का, असं विचारलं, तर नियम निघाला की वाटेत माल फक्त थांबलेल्या वॅगनीतून उतरवता येतो. या चालत्या होत्या. आपणच विणलेल्या जाळ्यात माणूस इतका नीटनेटका अडकलेला क्वचितच बघायला मिळतो.

सोमवारी सकाळी सव्वासहाला ताई स्वतः आली. यार्डाच्या कुंपणापाशी गाडी उभी करून आत शिरत होती, तेवढ्यात नऊ नंबरची माळ हलली. तिने नंबर ओळखले. तिच्या तीन वॅगनी तिच्यासमोरून गेल्या, खांब ओलांडला, आणि ती तिथेच खडीवर उभी राहून डोळे पुसायला लागली. मास्तर ऑफिसच्या पायरीवरून हे बघत होते. खाली जाऊन तिला थांबवावं असं त्यांना वाटलं, पण ते पायरीवरच थांबले. ती त्यांच्याकडे आली, हात हातात घेतला, म्हणाली की रात्रभर झोप नव्हती, तू शब्द पाळलास. कारखान्यात कळवायला तिने पर्समधून फोन काढला.

आणि मागून वॅगनी परत आल्या. तात्या इंजिनातून मान बाहेर काढून, रोजच्यासारखे, हात हलवत होते.

ताईने फोन पर्समध्ये ठेवला. वॅगनी जागेवर थांबल्या, तात्या इंजिन सोडवून दहा नंबरकडे गेले, दहा नंबरची माळ निघाली, गेली, आली. मग तिने विचारलं, "हे रोज?"

"रोज."

"कुणी काढलं हे डोकं?"

"वरून आदेश आहेत," मास्तर म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे बघितलं. लहानपणी आई खोली आवरायला सांगायची तेव्हा हाच धाकटा भाऊ सगळा पसारा आपल्या पलंगावरून तिच्या पलंगावर टाकायचा, आईला आपला पलंग दाखवायचा, आणि आई गेली की पसारा परत आणायचा. एकदाही पकडला गेला नाही. आई त्याचं कौतुक शेजाऱ्यांना सांगायची.

"तेव्हा निदान माझा पलंग मोकळा तरी करायचास," एवढंच ती म्हणाली आणि गाडीकडे गेली. मास्तरांना लाज वाटली. बऱ्याच वर्षांत वाटली नव्हती, त्यामुळे जरा जास्तच वाटली.

मंगळवारी सकाळी त्यांनी तात्यांना सांगितलं की नऊ नंबरवरच्या तेलाच्या तीन वॅगनी सोडून बाकीच्या फिरवा. तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, मास्तर, आज एकशे नव्व्याण्णवावा दिवस आहे. मास्तर म्हणाले, असू दे. या तीन उभ्या राहिल्या की चोवीस तास उलटतील, लाल यादीत जातील, आणि धोरणाप्रमाणे पहिल्या गाडीत त्यांना जागा मिळेल. ढाल गेली तर गेली. स्वतःच्या तोंडून हे वाक्य ऐकून त्यांना थोडं बरंही वाटलं.

सात वाजता लाल यादीत तीन नावं झळकली. सात वाजून चार मिनिटांनी मुख्यालयाचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. मास्तरांनी शांतपणे सांगितलं की होय, तीन वॅगनी उभ्या आहेत, घेऊन जा. पलीकडून विचारणा झाली की खांब तपासला का. मास्तर म्हणाले, खांब ठीक आहे. पलीकडचा म्हणाला, मास्तर, एकशे अठ्ठ्याण्णव दिवसांत जे झालं नाही ते आजच कसं होईल, खांबच बिघडला असणार, तुम्ही मुळीच काळजी करू नका.

नऊ वाजता खांब दुरुस्त करायला तीन माणसं आली. माल न्यायला यार्डाला एक जादा इंजिन कधी मिळालं नव्हतं, खांबासाठी मात्र जीप, शिडी आणि अभियंता असा लवाजमा दोन तासांत हजर. त्यांनी खांब उघडला, आत फुंकर मारली, बंद केला. साडेदहाला मुख्यालयाने तिन्ही वॅगनींचे तास आपल्या हाताने शून्य केले आणि मास्तरांना कळवलं की आपला विक्रम अबाधित आहे, अभिनंदन. आता खोटं बोलायला मास्तरांचीही गरज उरली नव्हती. धोरण स्वतःच्या पायावर उभं राहिलं होतं.

संध्याकाळी त्यांनी ताईशी बोलायला फोन तीनदा हातात घेतला आणि तीनदा ठेवून दिला.

बुधवारी बाराला मोठे साहेब आले ते आपल्या तपासणी डब्यातून. एक इंजिन आणि त्यामागे गुबगुबीत खुर्च्यांचा एक डबा, एवढीच गाडी, पण तिच्यासाठी अख्ख्या मार्गावर हिरवे सिग्नल. समारंभ मालगोदामात ठेवला होता. यार्डाकडच्या खिडक्यांना पडदे लावले होते, ऊन येऊ नये म्हणून. साहेब पाऊण तास बोलले. चाक हे प्रगतीचं चिन्ह आहे, म्हणाले. थांबलेलं चाक म्हणजे देशाचं नुकसान. माझ्या डोळ्यांसमोर एकही चाक थांबलेलं मला चालणार नाही, ज्याला जे चाक दिसेल त्याने ते पुढे ढकलावं, कुणाच्या परवानगीची वाट बघू नये.

टाळ्या वाजल्या. मास्तरांनी ढाल घेतली आणि माईकसमोर उभं राहून म्हणाले की साहेब, पडद्याच्या पलीकडे चारशे बारा वॅगनी उभ्या आहेत, त्यातल्या तीन वीस दिवस इथेच आहेत, त्या नेल्या नाहीत तर उद्या एक कारखाना बंद पडेल. मग साहेब मोठ्याने हसले, आणि साहेब हसले म्हणून सगळे हसले. "बघा," साहेब म्हणाले, "एवढं मिळवूनही हा माणूस समाधानी नाही. याला म्हणतात निष्ठा." पुन्हा टाळ्या. मग सगळे जेवायला गेले.

मास्तर ढाल काखेत मारून बाहेर आले. साहेबांचं इंजिन डबा सोडून परतीसाठी दुसऱ्या टोकाला लागत होतं. ते परत जाणार होतं त्याच मार्गाने. ताईच्या फाट्यावरून.

ऑफिसात जाऊन त्यांनी गाडीच्या रचनेचा कागद काढला. यार्डातून कुठली गाडी कशी सुटेल हे त्या कागदावर मास्तर लिहितात आणि मास्तरच सही करतात. बत्तीस वर्षांत एवढाच एक अधिकार त्यांच्याकडून कुणी काढून घेतला नव्हता, बहुधा विसरून. त्यांनी लिहिलं: इंजिन एक, तपासणी डबा एक, तेलाच्या वॅगनी तीन. काच कारखान्याच्या फाट्यावर थांबून वॅगनी सोडणे. सही, शिक्का.

तात्यांनी कागद वाचला. मग साहेबांच्या डब्याकडे बघितलं. "मास्तर, नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"तुमची नाही हो, माझी," तात्या म्हणाले, पण तोवर ते इंजिनात चढलेही होते.

साहेबांच्या ड्रायव्हरने शिक्का बघितला आणि कागद खिशात घातला. शिक्का असला की तो विचार करत नसे, तो त्याचा छंद नव्हता. तीन वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटली. पुढे इंजिन, मध्ये भरपेट जेवून डुलक्या घेणारे साहेब, आणि मागे दीडशे टन भट्टीचं तेल. खांबासमोरून तीन वॅगनी गेल्या, खांबाने नोंद केली 'हलल्या', आणि नियंत्रण कक्षात कुणीही मान वर केली नाही. त्या तर रोजच हलत. पुढे सगळे सिग्नल हिरवे. सरकारी मालाला इतका सुरेख रस्ता त्या मार्गावर पूर्वी कधी मिळाला नव्हता.

साडेपाचला ताईचा फोन आला. वॅगनी आल्या, पाइप जोडला, तेल उतरतंय. आणि डब्यातून एक साहेब पायजम्यात उतरले आणि हे काय चाललंय म्हणून ओरडत होते, त्यांना माणसांनी पाणी दिलं. ती हसत होती, आणि मग हसता हसता रडायला लागली. मास्तर ती शांत होईपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ताई, ते वरून आदेश नव्हते. फिरवायचं डोकं माझंच."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "तिथे अजून किती आहेत?"

"चारशे नऊ."

"त्यांचीही कुणी वाट बघत असेल ना रे."

ताईने फोन ठेवला.

गुरुवारी सकाळी साडेआठला पत्र आलं. एरवी मुख्यालयातून एक कागद यायला तीन आठवडे लागत, हा सतरा तासांत पोचला, तेव्हा धोरणाचा काहीच उपयोग झाला नाही असं म्हणता येणार नाही. शून्य तास उभ्या असलेल्या, म्हणजेच कोणतीही निकड नसलेल्या तीन वॅगनी क्रम मोडून पाठवल्याबद्दल मास्तरांना दुपारपासून निलंबित करण्यात येत होतं. ढाल परत मागितली नव्हती. ढाल परत घ्यायची तर वॅगनी उभ्या होत्या हे मान्य करावं लागलं असतं. खुलासा म्हणून मास्तरांनी साहेबांच्या भाषणातलं चाक ढकलायचं वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं, खाली सही केली आणि पाकीट बंद केलं.

बाहेर तात्या इंजिनाला टेकून उभे होते. त्या दिवशी कुणीच फिरायला गेलं नव्हतं. यार्ड इतकं शांत होतं की तात्यांना करमत नव्हतं. दुपारपर्यंत साडेतीन तास होते. मास्तरांनी एक नंबरच्या रुळावरून वॅगनींना लावलेली, माल कुणाचा ते सांगणारी कार्डं काढून आणली, टेबलावर ठेवली, ढालीचं वजन वर ठेवलं, आणि पहिल्या कार्डावरचा फोन नंबर फिरवला. शाळेची बाकं, तेवीस दिवस.

फोन एका बाईंनी उचलला. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मास्तरांनी बाकांचं नाव काढताच त्या आनंदल्या. म्हणाल्या, येतायत ना, मी रोज बघते, कालच वॅगन पुन्हा पुढे सरकली. मुलं खाली बसतात, त्यांना मी रोज सकाळी सांगते की आज एवढी पुढे आली.

"सरकली नाही, बाई," मास्तर म्हणाले. "तेवीस दिवस इथेच उभी आहे. मी उभी केली आहे."

पलीकडे मागे मुलं पाढे म्हणत होती.

"मग मी रोज मुलांना काय सांगत होते?" बाईंनी विचारलं.

मास्तरांनी मुख्यालयाचा नंबर दिला, साहेबांचा थेट नंबर दिला, वॅगन खरोखर कधीपासून उभी आहे ते तारखेसह लिहून घ्यायला सांगितलं, आणि मग बाई बोलायला लागल्या तेव्हा फोन कानाला लावून सगळं ऐकून घेतलं. बाईंचं बोलणं संपल्यावर त्यांनी कार्ड बाजूला ठेवलं आणि दुसरं उचललं. यार्डात अजून चारशे आठ वॅगनी बाकी होत्या.